तिसऱ्या बागेतल्या माद्या

१

पहाटेची नमाज आटोपली की नूरुद्दीनभाई गाडी घेऊन आमच्या इमारतीखाली येत. हॉर्न वाजवत नसत, नुसता मिस कॉल देत. मी थर्मास, बिस्किटांचा पुडा आणि हातमोजे घेऊन खाली उतरे. सौदीतल्या हुफूफच्या पूर्वेला खजुराच्या बागा सुरू होतात त्या थेट वाळू लागेपर्यंत संपत नाहीत. आम्हाला त्यातल्या तीनच बागांशी काम होतं.

या बागांमध्ये एका जातीचे वाळवंटी उंदीर असतात. पिवळसर अंग, शेपटीच्या टोकाला काळा झुपका. पुस्तकात त्यांना जर्ड म्हणतात. ते ठिबकच्या नळ्या कुरतडतात, खजुराच्या कोवळ्या रोपांची मुळं खातात. हे उंदीर आहेत किती, वाढतात कधी, घटतात कधी, एवढं बागा सांभाळणाऱ्या कंपनीला हवं होतं आणि त्यासाठी मला नेमलं होतं. आम्ही संध्याकाळी पिंजरे लावत असू आणि सकाळी उघडत असू. सापडलेल्या प्रत्येकाला कापडी पिशवीत घालून वजन करायचं, नर की मादी ते बघायचं, मादी असेल तर पोट हलकेच चाचपून गाभण आहे का ते पाहायचं, कानाला नंबराचा बारीक बिल्ला लावायचा आणि सापडला तिथेच सोडून द्यायचं. पुढच्या खेपेला बिल्लेवाले किती आणि नवे किती सापडतात, त्यावरून बागेत एकूण किती असतील याचा अंदाज बांधता येतो.

मी कुडाळची. शिक्षण दापोलीला झालं. नूरुद्दीनभाई श्रीवर्धनचे, या देशात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. गाडीत आम्ही मराठीत बोलायचो, म्हणून हे काम मला परकं वाटत नसे.

त्या थंडीच्या सुरुवातीला मलाही दिवस गेले होते. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि आम्ही आशा जवळजवळ सोडलीच होती. विनयच्या ऑफिसजवळच्या एका छोट्या क्लिनिकमध्ये आम्ही दोघांनी पडद्यावर ते ठोके पाहिले. विनय पडद्याकडे बघत माझं मनगट घट्ट धरून उभा होता. आठवड्याभरात त्याच्या कंपनीनं त्याला देशाच्या दुसऱ्या टोकाला, तबूकच्या साइटवर पाठवलं. आज येतो, उद्या येतो करता करता त्याचं परतणं लांबत गेलं.

तिसऱ्या बागेत एक मादी होती. डाव्या कानाची कड फाटलेली, त्यामुळे नंबर न बघताही ओळखू यायची. एका खेपेला ती भरलेली सापडली, बोटांखाली पिल्लं मण्यांसारखी लागत होती. पुढच्या खेपेला पोट रिकामं. व्याली असेल, असं मला वाटलं. पण व्यालेल्या मादीचे सड ओढलेले असतात, भोवतालचे केस झडलेले असतात. हिचे सड कोरडे होते, कधी कोणी तोंड न लावलेले.

“पडलं असेल पोटातलं,” नूरुद्दीनभाई म्हणाले.

मी हो म्हणाले आणि तिला सोडून दिलं. त्याच सकाळी त्याच बागेत आणखी दोन माद्या तशाच निघाल्या.

२

उंदरांच्या काही जातींमध्ये एक विचित्र गोष्ट घडते. गाभण मादीला अनोळखी नराचा वास आला, तर तिचं शरीर पोटातली पिल्लं आतल्या आत जिरवून टाकतं. ना आजार लागतो, ना मारामारी. वास पुरतो. पोट रिकामं होतं आणि ती पुन्हा माजावर येते, त्या नव्या नरासाठी. या जातीत असं होतं का, हे मला माहीत नव्हतं. पण दुसरं काही कारण दिसत नव्हतं. विष कोणी टाकलं नव्हतं, पाणी तेच, चारा तोच.

गाडीत मी हे नूरुद्दीनभाईंना सांगितलं. ते रस्त्याकडे बघत ऐकत होते.

“म्हणजे पहिल्याचं जातं?”

“जातं.”

“नुसत्या वासानं?”

“नुसत्या वासानं.”

थोडं अंतर गेल्यावर ते म्हणाले, “ताई, या दिवसांत तुम्ही असलं बोलू नका. रुकय्यानं ऐकलं तर मला घरात घेणार नाही.”

मला हसू आलं. रुकय्याभाभी म्हणजे त्यांची बायको. मला दिवस गेल्याचं कळल्यापासून उंदरांना हात लावते म्हणून ती मला रागावतच होती. मी तिला दुहेरी हातमोजे आणि मास्क दाखवला होता, तरी तिचं समाधान झालं नव्हतं.

आम्ही तिसऱ्या बागेत जास्त पिंजरे लावले. कुठून तरी नवा नर आला असेल तर तो सापडायला हवा होता. सापडले ते सगळे जुनेच, आमचेच बिल्ले मिरवणारे. मग तेही कमी होऊ लागले. आठवड्याभरानं ते रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या बागेत सापडायला लागले. हाडं लागत होती हाताला. एकाच्या पाठीला मी बोट लावलं तर तो पिशवीतच मुतला.

यातही अचंबा करण्यासारखं काही नव्हतं. दांडगा नर आला की जुने नर जागा सोडतात. फक्त तो दांडगा नर कुठल्याच पिंजऱ्यात येत नव्हता.

३

तिसरी बाग जुनी होती. भोवती मातीची भिंत, झाडं उंच आणि न छाटलेली, वाळलेल्या झावळ्या खोडाला तशाच लोंबणाऱ्या. मधोमध एक ऐन होता. ऐन म्हणजे झरा. त्याचं पाणी कधीच आटलं होतं. त्याच्यावर बांधलेली दगडी खोली मात्र उभी होती. बुटकं दार, आत खाली उतरणाऱ्या पायऱ्या. आम्ही आत कधी गेलो नव्हतो, जायचं कारणच नव्हतं.

नर शोधायला आम्ही त्या खोलीभोवती पिंजरे मांडले. सकाळी येऊन पाहिलं तर सगळ्यांची दारं पडलेली. आत काही नाही. शेंगदाण्याचं लोणी लावलेलं आमिष जसंच्या तसं. मी एक पिंजरा उचलला, आतला कापूस बदलायला दार उघडलं, आणि मास्क असूनही तो वास आला.

घाण नव्हता. पाहुणा गेल्यावर त्याच्या अंगाखालची चादर उचलली की येतो, तसा. उबदार. झोपून उठलेल्या माणसाचा.

“हे बघा जरा,” मी पिंजरा पुढे केला.

नूरुद्दीनभाईंनी नाक आत घातलं. “काय बघू? शेंगदाणा आहे.”

मी पुन्हा हुंगलं. वास होता. पण दिवस गेल्यापासून माझं नाक भलतंच तीक्ष्ण झालं होतं. विनयच्या दाढीच्या क्रीमनंही मला मळमळायचं. मी तसं म्हणाले आणि आम्ही कामाला लागलो.

परत गाडीकडे जाताना पायाखालची जमीन वाजू लागली. जर्ड घाबरले की बिळात मागचे पाय आपटतात. टप टप टप, मग थांबून पुन्हा. हे मी शेकडो वेळा ऐकलं होतं. पण ते माणूस जवळ आला की वाजतं आणि पुढे गेला की थांबतं. आज आवाज माझ्याबरोबर चालत होता. मी थांबले की माझ्याखाली, मी पुढे गेले की पुढे. नूरुद्दीनभाई माझ्यापुढे होते, त्यांच्या पायाखाली शांत.

“जरा परत इकडे या,” मी म्हटलं. ते आले, शेजारी उभे राहिले. मग मी त्यांना भिंतीपर्यंत जायला सांगितलं. ते गेले. माझ्याखालची जमीन वाजतच राहिली.

“हातमोज्यांना वास असेल उंदरांचा,” ते लांबूनच म्हणाले. 

हातमोजे तर त्यांनीही घातले होते.

४

पॅकिंग शेडला लागून कंपनीनं आम्हाला एक खोली दिली होती. एक टेबल, वजनकाटा आणि भिंतीशी पिंजऱ्यांची रांग. पहिल्या बागेतल्या काही गाभण माद्या मी तिथे ठेवल्या होत्या. किती पिल्लं होतात, किती जगतात, ते बघायला. सगळ्या धडधाकट होत्या. लसूणघास टाकला की पुढच्या पायांत धरून खायच्या आणि मिशा पुसायच्या. सकाळची ती वेळ मला आवडायची. टेबलाशी चहा घेत मी त्यांच्याशी बोलतही असे.

तिसऱ्या बागेतून आल्यावर माझा कामाचा कोट मी त्याच खोलीतल्या खुंटीला अडकवत असे.

त्या आठवड्यात माद्यांनी खाणं कमी केलं. पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात त्या एकमेकींवर चढून बसू लागल्या. मी एकेकीला बाहेर काढून चाचपलं. पहिलीचं पोट रिकामं होतं, दुसरीचंही. शेवटची माझ्या हातात थरथरत होती आणि तिच्या पोटातही काही उरलं नव्हतं. खाली भुसा कोरडा. रक्त नाही, पिल्लू नाही.

मी मागे वळून खुंटीकडे पाहिलं.

खरं सांगायचं तर आधी मला बरं वाटलं. नाक खोटं बोलत नव्हतं. कोटावर खरोखरच काहीतरी होतं आणि ते माद्यांना कळत होतं. इतके दिवस निसटणारी गोष्ट हाताला लागली म्हणून मी खूश झाले. मग कोट खुंटीवरून काढताना तो माझ्या पोटाला लागला आणि मी तो हातातून टाकून दिला.

नूरुद्दीनभाईंनी तो काठीनं उचलला आणि शेडमागच्या पिंपात जाळला.

“तिसऱ्या बागेत आता मी एकटा जाईन,” ते म्हणाले. “खलास. तुम्ही यायचं नाही.”

दुपारी मी विनयला फोन केला. सगळं सांगितलं, वासासकट. तो नीट ऐकून घेत होता. मग म्हणाला, “अगं, तू काय उंदीर आहेस?”

तो हसला. मीही हसले. माणसांत असं होत नाही, हे मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

“सुट्टीचं बघ ना,” मी म्हणाले. “मला थोडे दिवस कुडाळला सोड.”

“कफीलशी बोललोय, रजा देतो म्हणाला. पुढच्या महिन्यात नक्की येतो. आणि ते दुसरं स्कॅन मी आल्यावर करू. मला बघायचंय.”

५

एका शुक्रवारी जेवणानंतर बेल वाजली. रुकय्याभाभी होती. हातात सुरमईच्या कालवणाचा डबा. तिनं चप्पल काढली, एक पाय उंबऱ्यात टाकला, आणि तो मागे घेतला. डोक्यावरची ओढणी पुढे ओढून चेहऱ्याभोवती घट्ट केली.

“विनय आले काय?”

“नाही गं. का?”

“मग आत कोण आहे?”

“कोणी नाही. ये ना.”

ती आली नाही. माझ्या खांद्यावरून तिनं आतल्या बोळाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “अमिता, पुरुषमाणूस आहे ना आत? झोपून उठलेला?”

“भाभी, मी एकटीच आहे.”

तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं. मी खोटं बोलत नाही हे तिला पटलं असावं, कारण तिचा चेहरा उतरला. कसला वास, कुठून येतोय, काही बोलली नाही. डबा उंबऱ्यावर ठेवून म्हणाली, “तू माझ्याबरोबर चल. अफनानच्या खोलीत झोप.”

मी नको म्हणाले. अफनान त्यांची मुलगी, तिची परीक्षा चालू होती. आणि एका वासामुळे घर सोडायचं हे माझ्या बुद्धीला पटत नव्हतं.

भाभी गेल्यावर मी दार लावलं आणि घरभर फिरले. स्वयंपाकघर, न्हाणीघर, गॅलरी. कुठे काही नाही. बेडरूमचं दार अर्धं उघडं होतं. पडदे ओढलेले, एसी बंद. पलंगाच्या माझ्या बाजूला चादर चुरगळलेली होती, दुसऱ्या बाजूला सरळ. विनयची उशी मी उचलली. वास उशीला नव्हता, कपाट आणि पलंग यांच्यामधल्या बोळकांडीत होता. तिथे मी वाकले आणि तो इतका दाट आला की मला हात पुढे करून चाचपावंसं वाटलं.

मी केलं नाही तसं. खिडक्या उघडल्या, चादरी मशीनमध्ये टाकल्या, फरशी डेटॉलनं पुसली. महिनाभर मीच त्या बागेतून या घरात येत होते, तेव्हा वास इथेही येणारच, असं स्वतःला समजावलं. त्या दिवसापासून मी बाहेरच्या सोफ्यावर झोपू लागले. दिवसा तिथे बसलं की बेडरूममधून कसलाच आवाज येत नसे. मी कान देऊन ऐकत होते, म्हणून ही शांतता मला माहीत आहे. कोणी नसलेल्या खोलीत फ्रिजची घरघर, रस्त्यावरच्या गाड्या, वरच्यांच्या खुर्च्या, काहीतरी ऐकू येतंच. त्या खोलीत सगळे आवाज दारापाशीच थांबत.

६

पुढच्या आठवड्यात, सकाळी दात घासताना पोटात कळ आली. बेसिनला धरून मी खाली बसले. थोडे डाग दिसले. हॉस्पिटलला फोन केला तर तिथली नर्स म्हणाली, आराम करा, वाढलं तर लगेच या. वाढलं नाही. दुपारपर्यंत सगळं थांबलं. विनय तिकडून काही करू शकला असता असं नव्हतं, म्हणून त्याला कळवलं नाही. मला ताप आहे, असं नूरुद्दीनभाईंना सांगितलं आणि पडून राहिले.

त्यानंतर पुन्हा मळमळू लागलं. मध्ये ते अगदी गेलं होतं, मी व्यवस्थित जेवू लागले होते. आता सकाळी उठल्या उठल्या कोरड्या उलट्या, आंबट खावंसं वाटणं, दुपारी डोळे मिटून येणं. सुरुवातीचे दिवस परत आल्यासारखे. पित्त असेल, मी म्हणाले. कमरेला घट्ट होऊ लागलेला कुर्ता सैल बसत होता. खाल्लेलं टिकत नसेल तर सैल होणारच.

प्रत्येक गोष्टीला माझ्याजवळ उत्तर होतं. आणि अशी उत्तरं एकामागून एक देत बसणाऱ्या माणसाला घाबरायला सवड नसते.

त्यातच नूरुद्दीनभाई आले. ते सहसा वर येत नसत. दारातच उभे राहिले.

“ताई, माद्या भरल्यात.”

“कुठल्या?”

“तिसऱ्या बागेतल्या. ज्या रिकाम्या झाल्या होत्या ना, त्या सगळ्या.”

“आणि नर?”

त्यांनी मान हलवली. “एक नाही. भिंतीच्या आत महिनाभर एक नर सापडलेला नाही.”

“तुमचं चाचपताना चुकलं असेल.”

“असेल,” ते म्हणाले. “चुकलं असेल तर बरंच आहे.”

७

मी जायला नको होतं. नूरुद्दीनभाईही नको म्हणत होते. पण मादी भरली आहे की नाही हे मला बोटांनी कळतं, आणि ते कळेपर्यंत मला दुसरं काही सुचणार नव्हतं. शिवाय, हे मी त्यांना सांगितलं नाही, घरात बसण्यापेक्षा तिथे जाणं मला सोपं वाटत होतं.

ऊन चांगलं वर आलं होतं. कुलूप काढून आम्ही आत गेलो. पिंजऱ्यांतल्या माद्या धडपडत नव्हत्या. फाटक्या कानाची मादी मी हातात घेतली. पोट गच्च होतं. पण बोटांखाली मणी लागले नाहीत. एकच काहीतरी होतं, मोठं, पोटभर. मी दाबलं तसं ते माझ्या बोटांपासून बाजूला सरकलं.

मी तिला जमिनीवर ठेवलं. ती पळाली नाही. मिशा पुसल्या आणि सावकाश चालत ऐनाच्या खोलीकडे गेली. दुसरी सोडली, तीही तिकडेच. आणि तेव्हा मला जाणवलं की जमीन गप्प आहे. मी बागेच्या मधोमध उभी होते आणि पायाखाली कोणीही पाय आपटत नव्हतं.

नूरुद्दीनभाई भिंतीशी पिंजरे गोळा करत होते. मी माद्यांच्या मागे गेले.

दारातून वाकून पाहिलं. छताला भोक होतं, त्यातून उन्हाची एक तिरीप खाली उतरली होती. पायऱ्यांवर माद्या बसल्या होत्या. प्रत्येक पायरीवर, एकीला एक लागून, सगळ्यांची तोंडं खाली. आवाज नाही. वास इतका होता की तो वास राहिलाच नव्हता, खोलीतली हवाच तशी होती. मला मळमळलं नाही. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा मळमळलं नाही.

खाली, जिथे एके काळी पाणी असेल तिथे, कोणीतरी बसलं होतं. माझ्याकडे पाठ करून, गुडघे जवळ घेऊन. अंगावर मळकट पांढरं काहीतरी. उजेड पाठीच्या वरच्या भागावर पडला होता आणि ती पाठ हळूहळू वर येत होती, खाली जात होती. तिच्याबरोबरच पायऱ्यांवरच्या सगळ्या माद्यांच्या कुशी वर येत होत्या, खाली जात होत्या.

“नूरुद्दीनभाई?” मी म्हटलं. 

“काय ताई?”

आवाज माझ्या मागून आला, लांबून, भिंतीपासून.

खाली पाठ थांबली. माद्याही थांबल्या. मग ते, ज्याला मी कपडा समजत होते ते, मानेपाशी सुरकुतलं. कोणी मागे वळून बघू लागलं की कातडी सुरकुतते तसं.

मी पळाले. गाडीत बसून दारं आतून लावून घेतली. नूरुद्दीनभाई टॉर्च घेऊन खोलीच्या दारापर्यंत गेले, आत वाकले, आणि बराच वेळ तसेच राहिले. परत आले तेव्हा म्हणाले, “रिकामी आहे. उंदरं आहेत नुसती.”

पण हुफूफ येईपर्यंत ते ओठांतल्या ओठांत कुराणातली आयत म्हणत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बागेची चावी कंपनीत जमा केली. रुकय्याभाभीला घेऊन ते थोडे दिवस दम्मामला मेहुण्याकडे गेले. मलाही चला म्हणाले. मी विनय येतोय म्हणून थांबले.

८

विनय आला तो माझं गोव्याचं तिकीट काढूनच. “आधी स्कॅन,” तो म्हणाला, “मग कुडाळला आईकडे मस्त लाड करून घे.” त्यानं बॅग बेडरूममध्ये ठेवली, पलंगावर आडवा झाला, आणि त्याला काहीही वास आला नाही.

डॉक्टर कुबरा हैदराबादच्या. मऊ बोलणाऱ्या, वयस्कर बाई. त्यांनी जेल लावलं, पडदा आमच्याकडे वळवला. विनय माझ्या उशाशी उभा होता. ठोके ऐकू आले, भरभर आणि स्पष्ट. तो हसला. डॉक्टर मात्र मोजत होत्या. एकदा मोजलं, यंत्र सरकवून पुन्हा मोजलं.

“कितने हफ्ते बताए थे आपको?”

विनयनं सांगितलं.

“नहीं बेटा. डेट में गलती हुई होगी. ये तो अभी बहुत छोटा है.” त्यांनी आकडा सांगितला. जेमतेम निम्मे आठवडे.

“वाढ होत नाहीये का?” मी विचारलं. मराठीतच विचारलं, मग हिंदीत.

“ग्रोथ एकदम अच्छी है. अपनी उम्र के हिसाब से बिलकुल सही. पहले वाला स्कॅन किसी छोटी जगह कराया होगा, ऐसा हो जाता है.” त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. 

 त्या पहिल्या पडद्यासमोर विनय स्वतः उभा होता. ते ठोके त्यानं पाहिले होते. आणि तबूकला तो कधी गेला, तेही त्याला माहीत होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत मनातल्या मनात दिवस मोजत मागे मागे जात होता.

परतताना विनय गाडी चालवत होता. दुपारच्या नमाजेची वेळ, दुकानं बंद, रस्त्यावर धूळ उडत होती. सिग्नलला गाडी थांबली. सिग्नल हिरवा झाला तरी त्यानं गाडी पुढे घेतली नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवले तेव्हा त्यानं ती रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली.

“पहिलं गेलं का?” त्यानं विचारलं. “मला न सांगता?”

“मला वाटतं गेलं. मला कळलं नाही, विनय. खरंच कळलं नाही.”

“आणि हे?”

मी ओढणीचं टोक धरून बसले होते. 

“मी ओरडणार नाहीये,” तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता, घरी काय आणायचंय विचारावं तसा. “मला फक्त सांग. कोण आहे तो?”

मला त्याच्याशी खोटं बोलायचं नव्हतं. इतक्या वर्षांत मी कधी बोलले नव्हते.

“मी त्याचा चेहरा पाहिला नाही,” मी म्हणाले.

त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि त्यावर कपाळ टेकलं. त्याचे खांदे हलत होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता, आणि माझा हात उचललाही जात होता. पण त्याच्या अंगाचा वास मला सहन होईना, दाढीच्या क्रीमचा, प्रवासाच्या घामाचा, परका. मी काच खाली केली. तिकीट परवाचं होतं. ते रद्द करायला सांगायचं आहे, असं मनात आलं, आणि मग आलं की उशीर होतोय. मला लवकर घरी जायचं होतं. घरी आपली कोणी वाट बघत असलं की जशी ओढ लागते, तशी लागली होती.